काचेतली कुकडी

मासे पाळणे हा पाणीवाल्या गावांचा छंद. आमच्या पारनेर तालुक्यात उन्हाळा लागला की टँकरच्या भोंग्याकडे कान लागतात. तिथे कोणी काचेच्या पेटीत पन्नास लिटर पाणी भरून ठेवतो म्हटल्यावर लोक हसणारच. आमची आळीही हसली. "शिकाय गेला आन् मासं घिऊन आला," असे शेजारच्या आजोबांनी माझ्या वडिलांना ऐकवले. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या प्रत्येक उद्योगाचा जमाखर्च कॉलेजच्याच नावावर पडतो.

माझे मासे दुकानातले नव्हेत. त्यांना सोनेरी रंग नाही, झुलती शेपटी नाही. बोटाएवढी लांबी, मातकट अंगावर गडद पट्टे आणि ओठांभोवती बारीक मिशा. आमच्याकडे त्यांना मुऱ्या म्हणतात. माझा मामा निघोजचा. तिथे कुकडीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षे काळा खडक घासून ते कोरले. उन्हाळ्यात धार तुटली, की पात्रात नुसती डबकी उरतात. अशाच एका आटत आलेल्या डबक्यातून मामाने पाच मुऱ्या फडक्यात धरल्या आणि म्हणाला, "भाच्या, दोन दिसांत बगळं खातील ह्यांना. ने, बघ जगत्यात का."

ते कसे जगवावे, हे नदीच शिकवते. मुऱ्या हा वाहत्या पाण्याचा मासा. पाणी दगडांवर आपटत वाहते तेव्हा त्यात हवा मिसळते, आणि पाणी जितके गार तितका प्राणवायू त्यात जास्त मावतो. म्हणून पेटीच्या तळाशी नदीची वाळू पसरली, तिच्यावर कपारी राहतील असे चपटे गोटे रचले आणि एका टोकाला हवेचा पंप लावला. वीज गेली की पंप बंद! मग तांब्याने पाणी उचलायचे आणि उंचावरून धार धरायची. परीक्षेच्या दिवसांत माझ्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात तांब्या असे. दुपारी पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळतो. टँकरच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते, म्हणून ते दिवसभर उघड्या घंगाळात ठेवून मगच वापरतो.

खाण्याचीही त्यांची तऱ्हा वेगळी. तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे वर तरंगणारे दाणे त्यांच्या कामाचे नाहीत. दगडावरच्या शेवाळी थरातले बारीक जीव आणि किड्यांच्या अळ्या ते टिपून खातात. म्हणून अंगणात उन्हात एका बादलीत चार गोटे बुडवून ठेवले आहेत. आठ-दहा दिवसांत त्यांवर हिरवा थर चढला, की ते पेटीत आणि पेटीतले बादलीत. शेतातल्या पिकांची फेरपालट असते, तशी ही गोट्यांची. बादलीत डासांच्या अळ्या झाल्या तर त्या गाळून घालतो, आणि आठवड्यातून दोनदा गांडुळाचे बारीक तुकडे. दिवसा ही मंडळी कपारीत दडून असतात, म्हणून जेवण दिवेलागणीला. उरलेले लगेच काढावे लागते, नाहीतर पाणी नासते.

खरा प्रश्न पाण्याचाच. आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे एक हंडा. "एक हंडा म्हंजी एका माणसाची आंघूळ," आई म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते, मी वाद घातला नाही. माझी आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली आणि पेटीतले काढलेले पाणी परसातल्या कोथिंबिरीला घालू लागलो. कोथिंबीर तरारली. महिन्याभराने आईच म्हणू लागली, "मुऱ्याचं पानी वतू नगस, वाफ्याला ठिव."

आमच्या भूगोलाच्या सरांच्या कानावर हे गेले आणि त्यांनी मला ग्रंथालयात धाडले. तिथे साइक्स भेटला. विल्यम साइक्स हा इंग्रज लष्करी अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे तो मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरला, आणि १८३९च्या सुमारास त्याने इथल्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. लॅटिन धर्तीच्या नावांत त्याने कित्येक मराठी नावे तशीच गुंफली. त्यांतले एक 'कोबिटिस मूरेह'. शास्त्रज्ञांनी पुढे त्याचे पहिले नाव बदलले, आज 'पॅराकॅन्थोकोबिटिस' म्हणतात. पण 'मूरेह' जागचे हलले नाही. याच गोतावळ्यातला एक मासा २०२० साली आंबोलीला नव्याने नोंदला गेला. नदीवरून त्याचे नाव ठेवले 'शिस्तुरा हिरण्यकेशी', आणि २०२१ साली शासनाने त्याची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशाने नदीचा उगम राखला!

वर्गात बोलताना माझ्यासारखी मुले घरचे शब्द उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. पुस्तकात 'मूरेह' वाचले तेव्हा वाटले, आपल्या ओसरीवरचा एक शब्द आपल्या कितीतरी आधी कॉलेजात येऊन बसला आहे.

मृगाचा पाऊस होऊन कुकडी वाहती झाली, की पाचही मुऱ्या निघोजला सोडायच्या, असे मामाशी ठरले आहे. नदी त्यांची आहे, पेटी फक्त उन्हाळ्यापुरती.

साइक्सची गोष्ट मी आईला सांगितली. साहेबाने आपला शब्द पुस्तकात घातला, याचे तिला काहीच नवल वाटले नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग दुसरं काय लिव्हील? मुऱ्याला मुऱ्याच म्हनायचं की!"