उसवून पुन्हा शिवलेली दाढ

"डॉक्टर, नस तर काढून टाकलीय. मग दुखतंय काय?"

विचारणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. पाढा चुकलेल्या मुलाकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. वरची डावी पहिली दाढ, हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी. "दाबली की खारट पाणी येतं," असंही त्यांनी सांगितलं. दाढेचं रूट कॅनाल अकरा वर्षांपूर्वी झालेलं. करणारा मीच.

प्रश्न अगदी रास्त होता, आणि आठवड्यातून दोनदा तरी तो मला कुणी ना कुणी विचारतं. नस असते दाताच्या आत. ती काढली की गरम-थंडाची कळ जाते. पण दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जिवंतच असतात. मुळांच्या नळ्यांत जंतू उरले किंवा मागाहून शिरले, तर त्यांचं विष मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर झिरपतं आणि तिथलं हाड हळूहळू विरत जातं. एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो, तो हाच. आत नस नसल्यामुळे बोंब ठोकायला कुणी नसतं. म्हणून हा कारभार वर्षानुवर्षं गुपचूप चालतो आणि एखाद्या दिवशी गाल सुजवून बाहेर येतो.

सगळं खापर जंतूंवर का फोडायचं, याचा एक पुरावा मला फार आवडतो. 1965 साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून नस उघडी ठेवली. साध्या उंदरांची नस सडली, गळवं झाली. जंतुविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांच्या भोकांत अन्नाचे कण जाऊन बसले, तरी नस जगली आणि तिने भोकाच्या तोंडाशी नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, घालायला सुरुवात केली. आमचं सगळं शास्त्र या उंदरांवर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

मग पहिल्याच वेळी सगळे जंतू का निघत नाहीत? कारण नळी म्हणतो ती नळी नसतेच. झुरिकच्या वॉल्टर हेसने शंभरएक वर्षांपूर्वी काढलेल्या हजारो दातांच्या आत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे काढले. त्यांची चित्रं पाहिली की वहीत ठेवून जाळी पडलेल्या पिंपळपानाची आठवण होते. मधे एक शीर, तिला फाटे, फाट्यांना फाटे. आमची फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, जाते मधल्या शिरेतून. फाट्यांत जातं ते फक्त औषधाचं पाणी, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये असतं ते सोडियम हायपोक्लोराइट. ते थेंबभर घशात उतरू नये आणि तोंडातली लाळ दातात जाऊ नये, म्हणून दाताभोवती रबर डॅम लावायचा. हा रबराचा पडदा 1864 पासून दंतवैद्यांच्या हाताशी आहे. तो न लावता केलेलं रूट कॅनाल मी अर्धवट समजतो, रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं.

बाईंच्या दाढेत मात्र डॅम होता, पाणी होतं, सगळं होतं. चूक वेगळीच होती. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं, म्हणून तीन नळ्या, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक माणसांना दुसरी नळी असते, केसाएवढी बारीक आणि डेंटिनच्या ओठाखाली लपलेली. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे भिंगाचा चष्मा होता, मायक्रोस्कोप नव्हता. तीन सापडल्या आणि मी खूश झालो. चौथी शोधायला अर्धा तास देऊन हात हलवत परत आलो असतो, तर निदान मनाला समाधान असतं. मी शोधलीच नव्हती. हे सगळं बाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. आता शोधा."

दुसऱ्यांदा करायला पैसे जास्त का, वेळ दुप्पट का, असं लोक विचारतात. कुठल्याही शिंप्याला विचारा. नवा ब्लाउज तो हसत शिवून देतो, पण दुसऱ्याने शिवलेला उसवून दुरुस्त करायचं म्हटलं की तोंड वाकडं करतो. आधी कॅप कापायची, कधी खाली ठोकलेला धातूचा पोस्ट हलवून हलवून सैल करायचा, कधी नळीत मोडून राहिलेला फाइलचा तुकडा बाजूने वाट काढत उचलायचा. मग नळ्यांत भरलेला गटापर्चा काढायचा. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. 1851 मध्ये इंग्लिश खाडीखालून तारायंत्राची तार टाकली तेव्हा तिच्यावर याचंच वेष्टण होतं. दातात तो 1867 च्या सुमारास आला आणि अजून मुक्कामाला आहे. माझ्या मते त्याचा खरा गुण असा की तो परत निघतो. उष्णतेने मऊ पडतो, संत्र्याच्या सालीच्या तेलात विरघळतो. अशा दिवशी माझ्या दवाखान्यात फळांच्या गाडीसारखा वास सुटतो आणि बाहेर बसलेले पेशंट आत काय चाललंय म्हणून डोकावतात.

न निघणारं भरणं भेटलं की मात्र घाम फुटतो. रिसॉर्सिनॉल-फॉर्मॅलिनचा लाल लेप, ज्याला आम्ही रशियन रेड म्हणतो, एकेकाळी आपल्याकडेही पुष्कळ वापरला गेला. नळीत तो विटेसारखा घट्ट होतो, दात आतून विटकरी दिसतो, कुठलंही तेल त्याला शिवत नाही. अल्ट्रासॉनिकच्या टोकाने कण कण फोडत जायचं. एखाद्या नळीत अर्ध्यावरच थांबावं लागतं. तेही पेशंटला सांगायचं असतं.

बाईंचं काम दोन बैठकांत झालं. पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली, त्या मुळातल्या आधीच सापडलेल्या नळीच्या तोंडापासून टाळूच्या दिशेने चर काढत गेलो. तासाभराने आठ नंबरची फाइल, जिचं टोक 0.08 मिलिमीटरचं असतं, एका ठिकाणी अडकून उभी राहिली. आमच्या धंद्यात हे अडकणं म्हणजे सनईचा सूर. आत सडलेला मगज तसाच होता. सगळं धुऊन त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं. ते काय असतं, असं बाईंनी विचारलं. म्हटलं, चुना. "पानाला लावतात तो?" जवळपास तोच. तो दोन आठवडे आत राहिला. जुन्या रूट कॅनालमध्ये ठाण मांडून बसणारा एन्टेरोकोकस फिकॅलिस नावाचा जंतू या चुन्यालाही दाद देत नाही, म्हणून सगळी भिस्त धुण्यावरच. दुसऱ्या बैठकीला येईपर्यंत पुटकुळी बसली होती. फी घेतली नाही. कॅपचे लॅबला द्यायचे पैसे मात्र बाईंनी टेबलावर ठेवले आणि वर "माझ्या शाळेत फुकट काही मिळत नव्हतं" हेही ऐकवलं.

सगळेच दात असे वाचत नाहीत. मूळ उभं चिरलं असेल, तर दात काढणं हाच उपाय. कधी आतून वाट नसते, तेव्हा हिरडी उघडून मुळाचं टोक कापतो आणि मागून बंद करतो. बाकी नीट केलेले दुसऱ्या खेपेचे दात दहापैकी साधारण आठ बरे होतात. तरीही हल्ली "काढा आणि इम्प्लांट बसवा" हा सल्ला फार लवकर दिला जातो. इम्प्लांट उत्तम गोष्ट आहे, पण ती जिथे दात नाही तिथली.

थोडा दोष तुमच्याकडेही येतो. ठणका थांबला की पेशंट गायब. वरचं तात्पुरतं सिमेंट गळून पडतं, कॅप राहून जाते आणि लाळ पुन्हा नळ्यांत उतरते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे जी रांग लागते, तिच्यात कॅप न घातलेली दाढ चकलीवर दुभंगलेले बरेच असतात.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. मुळाशी डाग दिसतो म्हणून त्यांना रूट कॅनाल पुन्हा करायला सांगितलं होतं. दुखत काहीच नव्हतं. जुना एक्स-रे आहे का, विचारलं. पत्नीने विम्याच्या कागदांच्या फाइलमधून तीन वर्षांपूर्वीचा शोधून आणला. त्यात तोच डाग आताच्या दुप्पट होता. म्हणजे हाड भरून येत होतं. याला चार-चार वर्षं लागू शकतात. मी दाढेला हातही लावला नाही, वर्षाने या म्हणून परत पाठवलं. एकट्या नव्या एक्स-रेवरून हे कळलं नसतं. तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना दातांचे जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका आणि दवाखान्यात येताना ते बरोबर आणा.