किंग्सवे ते कर्तव्यपथ : एका राजरस्त्याची ओळख

दिल्लीला जाणारे आपले बहुतेक बांधव दोन ठिकाणे चुकवीत नाहीत. 26 अलीपूर रोडला जाऊन नतमस्तक व्हायचे आणि इंडिया गेटसमोर फोटो काढायचा. पण इंडिया गेटपासून समोर राष्ट्रपती भवनापर्यंत जो सुमारे तीन किलोमीटरचा सरळ रस्ता जातो, तो पायी चालणारे थोडे. आम्ही तो मुद्दाम चाललो. वाचकांनीही चालावा, म्हणून ही माहिती.

12 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज बादशहाने दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा केली. ल्युटेन्स आणि बेकर या दोन इंग्रज वास्तुविशारदांनी नवे शहर आखले. रायसीना, मालचा या गावांची जमीन सरकारने घेतली. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचा 340 खोल्यांचा वाडा उभा राहिला आणि त्याच्या पायथ्यापासून पूर्वेला किंग्सवे, म्हणजे राजाचा रस्ता, काढला गेला. दुसऱ्या टोकाला 42 मीटर उंचीची युद्धस्मारकाची कमान उभी राहिली. तेच आपले इंडिया गेट. 1931 साली नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर किंग्सवेचा राजपथ झाला आणि 8 सप्टेंबर 2022 पासून तो कर्तव्यपथ आहे.

रस्ता मोठा देखणा. दोन्ही बाजूंना हिरवळ, पाण्याचे कालवे, जांभळीच्या रांगा. इंडिया गेटवर तेरा हजारांवर सैनिकांची नावे कोरली आहेत, ती आम्ही बराच वेळ वाचीत उभे होतो. पण ज्या बायाबापड्यांनी डोक्यावर दगडमाती वाहून हे शहर उभे केले, राजस्थानातून पोरेबाळे घेऊन आलेली ती मजूर कुटुंबे, त्यांचे एकही नाव या कमानीवर नाही.

खरी गोष्ट मात्र नकाशात आहे. नव्या दिल्लीत कोणी कोठे राहावे हे पगार, हुद्दा आणि कातडीचा रंग पाहून ठरविले होते. मध्ये व्हाइसरॉय, जवळ गोरे वरिष्ठ अधिकारी आणि त्यांचे ऐसपैस बंगले. हिंदी कारकुनांना लहान घरे, शिपायांना त्याहून लहान आणि त्याहून लांब. आम्ही स्वतः कारकुनी पेशातले, त्यामुळे हे चटकन डोळ्यात भरले. आपल्या खेड्यात पाटलाचा वाडा मध्ये आणि महारवाडा गावकुसाबाहेर, तसेच हे. फरक इतकाच की येथे पट्टी आणि कंपास घेऊन आखले होते.

या आखणीत एक माणूस असा शिरला की जो कोणाच्याच हिशेबात नव्हता. 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि 22 पृथ्वीराज रोडच्या बंगल्यात राहू लागले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा मजूर खात्याकडेच होते. म्हणजे सरकारी इमारती आणि रस्ते सांभाळणारे खाते अस्पृश्याच्या मुलाच्या सहीने चालू लागले! त्यांच्याच कारकिर्दीत, 1946 साली, कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. पुढे कायदेमंत्री म्हणून ते 1 हार्डिंज ॲव्हेन्यूला (आजचा टिळक मार्ग) राहिले. 1951 साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिला तेव्हा तो सरकारी बंगलाही सुटला. मग ते अलीपूर रोडला गेले. ते ठिकाण या आखीव शहराच्या बाहेर, थेट जुन्या दिल्लीच्याही उत्तरेला आहे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहिली की हे अंतर पायांना कळते.

इंडिया गेटकडून चालताना समोर राष्ट्रपती भवनाचा घुमट दिसत राहतो. तो नीट पाहावा. त्याची धाटणी सांचीच्या महास्तूपाची आहे आणि त्याभोवती स्तूपाच्या वेदिकेसारखा दगडी कठडा आहे. साम्राज्याच्या माथ्यावर इंग्रजांनी तथागतांच्या स्तूपाचा आकार चढविला, हे आमच्या किती लोकांना माहीत आहे? गंमत अशी की विजय चौकाजवळ येताच चढामुळे वाडा नजरेआड होऊ लागतो. या चढावरून ल्युटेन्स आणि बेकर यांचे कायमचे बिनसले. लांबून दिसते, जवळ गेल्यावर दिसत नाही. सरकार दरबारी खेटे घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

भवनात जायचे तर आगाऊ नोंदणी करावी लागते. ती जरूर करा. रामपुरव्याचा अशोककालीन पाषाण-वृषभ तेथे आहे. जुन्या दरबार हॉलमध्ये, ज्याला 2024 पासून गणतंत्र मंडप म्हणतात, गुप्तकाळातील बुद्धमूर्ती आहे. याच सभागृहात 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्यात बाबासाहेब होते.

आणखी एक. याच रस्त्यालगतच्या बोट क्लबच्या हिरवळीवर पूर्वी देशभरातून मोर्चे येत. 1988 साली शेतकरी येथे ठाण मांडून बसले. त्यानंतर काही वर्षांत मोर्च्यांची जागा जंतरमंतरला गेली. आता हिरवळीवर आइस्क्रीम खाणारी कुटुंबे बसतात. बसोत बापडी, पण मागण्या मांडायला आलेल्या माणसालाही येथे जागा असायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्याच्या मध्यावर जनपथ आडवा येतो. तेथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात पिप्रहवा येथील उत्खननात मिळालेले भगवान बुद्धांचे अस्थिधातू आहेत. कधी ते दर्शनासाठी परदेशी नेलेले असतात, म्हणून आधी चौकशी करावी. सकाळी लवकर निघावे, सोबत पाणी ठेवावे, मुलांना जरूर न्यावे. मेट्रोचे केंद्रीय सचिवालय स्टेशन जवळ पडते. तेथूनच पिवळ्या मार्गाची गाडी सिव्हिल लाइन्सकडे, अलीपूर रोडच्या बाजूला जाते.