आमचा कापूस व त्याचा कांटा

वर्धा जिल्ह्यांतील ज्या गांवांत आमचें बालपण गेलें, तेथें कपाशीच्या झाडास पऱ्हाटी म्हणतात. चार एकर कोरडवाहू जमीन, मृगाच्या पावसावर पेरणी, आणि दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा. वेचा आरंभण्यापूर्वीं आमची आई शेतांत सीतादही करीत असे. तो नैवेद्य पाहून आम्हां मुलांस वाटे कीं, आतां घरांत पैसा येणार. बालबुद्धि ती!

पैसा येई, पण थांबत नसे. बियाणें-खतांची उधारी, शाळेची फी व सणाचा खर्च हीं सर्व एकाच वेळीं दारांत उभीं राहत. म्हणून कापूस वाळण्याची वाट न पाहतां तो खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यास द्यावा लागे. तो गंजींत हात घालून म्हणे, "ओला आहे, कडता कापावा लागेल." एके वर्षीं वडिलांनीं शेजाऱ्याच्या कांट्यावर आधींच माप करून ठेविलें होतें. व्यापाऱ्याच्या कांट्यावर तोच कापूस क्विंटलमागें तीन किलो कमी भरला. वडील कांहीं बोलले नाहींत. आम्हांस त्यांचा फार राग आला. फीची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीं होती, हें आम्हीं पुष्कळ वर्षांनीं ताडिलें.

पुढें गांवांतील बारा कुटुंबांनीं आपला कापूस एकत्र नेण्याचें ठरविलें. वेचतांनाच पाला-कचरा निराळा काढावा, कापूस सुती कापडांतच बांधावा आणि अंगणांत उन्हें द्यावींत, असा नियम झाला. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभाव पुरा मिळण्यास ओलावा ८ टक्क्यांच्या आंत लागतो. १२ टक्क्यांवर गेल्यास कापूस परत येतो. तेथें ओलावा यंत्रानें मोजीत, तळहातानें नव्हे! सुमारें ५ क्विंटल कापसापासून १७० किलोंची रुईची एक गाठ होते व सरकी वेगळी उरते, हा हिशेबही आम्हांस तेथेंच प्रथम कळला. पैसे मात्र कांहीं दिवसांनीं मिळत. ज्याची निकड असे, त्यास बाकीचे आपसांत वर्गणी करून उसने देत.

फेअरट्रेड नांवाच्या व्यापारांत किमान भाव आधींच ठरलेला असतो, आणि वरच्या अधिमूल्याचा विनियोग शेतकऱ्यांचीच संस्था ठरविते. असें कांहीं आपणांसही साधावें, या हेतूनें आमच्या गटांत सेंद्रिय कापसाचा विचार निघाला. परंतु प्रमाणपत्रापूर्वीं जमीन निदान दोन वर्षें रासायनिक खतांवांचून व औषधांवांचून कसावी लागते. त्या काळांत पीक घटूं शकतें, आणि माल बहुधा साध्याच भावानें जातो. ज्या खरेदीदारास आमच्यासारख्यांस खरोखर साहाय्य करावयाचें असेल, त्यानें त्या दोन वर्षांचा कापूसही बऱ्या भावानें घ्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बारांपैकीं सात कुटुंबांनीं तें धाडस केलें. आमचे वडील त्यांत नव्हते. त्या वर्षीं धाकट्या बहिणीस शाळेंत घालावयाचें होतें.