चिंच तिकडची, कडुलिंब इकडचा

भिवंडीच्या आमच्या घरांत माशाच्या कालवणात चिंचेचा कोळ पडतोच. म्हणून चिंच आपली, असे आम्ही धरून चालतो. तिचे मूळ मात्र आफ्रिकेत. फार जुन्या काळी ती इकडे आली आणि अशी रुजली, की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले. गुलमोहर तसाच पाहुणा, मादागास्करचा.

आपल्याकडूनही झाडे गेली. गेल्या शतकात कडुलिंब सुदान, नायजेरियात लावला गेला. कमी पावसातही तो तग धरतो. अरफातच्या मैदानात हाजींच्या सावलीसाठी सुमारे ५० हजार कडुलिंब लावले गेले. हजहून परतलेली मंडळी त्या सावलीची आठवण काढतात.

आणि इथे? माणकोली, अंजूरफाट्याकडे गोदामेच गोदामे, यंत्रमागाच्या गल्ल्यांत तापलेले पत्रे. दुपारी कामगाराला टेकायला झाड सापडत नाही.

झाड लावणे हा सदका आहे. पण पावसाळ्यात रोप लावून भागत नाही. पुढचे दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे लागते. मोहल्ल्यामोहल्ल्यात एवढे तरी आपण वाटून घेऊ या.