परत आलेल्या रोलरचा हिशेब

कन्हानमध्ये वर्कशॉप टाकले तेव्हा गिऱ्हाईक शोधत लांब जावे लागले नाही. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, जवळच खापरखेडा आणि कोराडीची वीजकेंद्रे. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांना रोलर लागतातच. पाइप, शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग आणि त्यावर सील, एवढीच ती वस्तू.

माझी चूक सीलपासून सुरू झाली. दर पाडून ऑर्डर घेतली होती, म्हणून स्वस्त सील आणले. तपासणीसाचा पगार मला वायफळ वाटायचा, म्हणून तपासणीही बंद केली. लेथवरच्या जुन्या कारागिरांनी बजावले होते, "भाऊ, हे सील धुळीत नाही टिकणार." मी त्यांना गप्प बसवले. त्याची आजही लाज वाटते.

पावसाळ्यात पाण्याबरोबर कोळशाची भुकटी आत शिरली, ग्रीस धुऊन गेले, बेअरिंग जाम झाले. रोलर फिरायचा थांबला की पट्टा त्याच्यावर घासत राहतो. पाइप झिजून त्याला धार येते आणि ती धार पट्टाच कापते. रोलरच्या तुलनेत पट्टा कितीतरी महाग. माल परत आला, बिलातून पैसे कापले गेले, पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली.

त्याहून मोठी चूक हिशेबाच्या वहीत होती. बदललेली बेअरिंग कच्च्या मालात, रात्रपाळीची दुरुस्ती मजुरीत, परतीचे ट्रकभाडे वाहतुकीत. नुकसान असे कुठेच दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त वाचवलेला पगार.

असे दडलेले नुकसान दिसावे म्हणून दर्जातज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांची मांडणी कामी आली. त्यांनी १९५६ मध्ये दर्जाचा खर्च प्रतिबंध, तपासणी आणि बिघाड असा वेगवेगळा मांडला. बिघाडही दोन तऱ्हांचा: माल दारात असतानाच सापडलेला आणि गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर उघडा पडलेला. जुन्या पावत्या मी या रकान्यांत वाटल्या. शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा निघाला, प्रतिबंधाचा आणि तपासणीचा जवळजवळ कोरा. काटकसर मी नेमकी तिथेच केली होती.

दर्जा फुकटच असतो, असे दुसरे दर्जातज्ज्ञ फिलिप क्रॉसबी १९७९ मध्ये म्हणाले. छोट्या कारखानदाराला हे अर्धेच लागू पडते. चांगल्या सीलचे पैसे आज रोख मोजावे लागतात, फायदा पुढच्या पावसाळ्यात दिसतो, आणि तेवढा काळ खेळते भांडवल अडकून राहते. तरीही तो खर्च मी आधी करायला हवा होता.

तुमचाही असा कारखाना असेल, तर परत आलेल्या मालाचा खर्च तुमच्या वहीत कोणत्या खात्यात जातो, ते या महिन्यात एकदा स्वतः तपासा.