ओहोटीच्या वाटेने कुलाब्यास

किल्ला आणि पाणी यांचे साहचर्य आम्हां सोलापूरकरांस नवे नाही. आमच्या भुईकोटाच्या एका अंगास सिद्धेश्वराचे तळे आहेच. परंतु ते काही दिवसातून दोन वेळा मागे सरत नाही! तो चमत्कार पाहावयाचा तर पुणे, खोपोली, पेण या मार्गाने अलिबागेस गेले पाहिजे. ओहोटी लागताच आम्ही सारी मंडळी पायीच कुलाबा किल्ल्यात गेलो. आतील गोड्या पाण्याची पुष्करणी आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधविलेले गणपतीचे देवालय पाहून तटावर आलो, तेव्हा सहजच मनात आले की, पायी येता येणाऱ्या या किल्ल्यापुढे १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन दर्यावर्दी सत्तांचे काहीच का चालले नाही?

कान्होजी आंग्रे यांचा पाडाव करावा, एवढ्यापुरतेच त्या दोघांचे ऐक्य होते. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज आरमार घेऊन आला. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने निघाला. पोर्तुगीजांच्या ताब्यातील चौलास जमून सुमारे ६,००० सैन्य खुष्कीने अलिबागेवर चालून आले. पण समुद्र मागे टाकताच आरमाराचा आधार तुटला, आणि समोर बाजीराव पेशव्यांचे घोडदळ कान्होजींच्या साहाय्यास सिद्ध होते. इंग्रज तटास शिड्या लावीत असता मराठे पोर्तुगीजांवर तुटून पडले. ती फळी फुटली; इंग्रजही तोफा टाकून हटले. मग परस्परांस दोष देणे सुरू झाले, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी निराळाच तह केला. इंग्रज रित्या हातांनी मुंबईस परतले.

हे साहाय्य आयते लाभलेले नव्हते. १७१३ साली याच कान्होजींनी छत्रपती शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केले होते. पुढल्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवून आणला. घरचे भांडण घरातच मिटले, म्हणून शत्रूस फट सापडली नाही.

कुलाबा पाहणाऱ्याने पुढे विजयदुर्गही अवश्य पाहावा. तो किल्ला इंग्रजांनी फेब्रुवारी १७५६ मध्ये घेतला आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्या वेळी कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याविरुद्ध इंग्रजांच्या जोडीस पेशव्यांचेच सैन्य उभे होते.