एका शब्दाचे माहेर

जून महिना उजाडला, की पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांची झुंबड उडते. अशाच एका सायंकाळी एक आजोबा नातीसह तेथे आले होते. अमेरिकेतील आतेभावाला पाठवावयाचे पुस्तक तिला निवडायचे होते. तिने रोबोटांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक उचलले.

“मराठी नको का?” आजोबांनी विचारले.

“दादाला मराठी समजते, पण तो बोलत नाही. शिवाय ‘रोबोट’ हा शब्दच इंग्रजी!”

“नव्हे, बाळ. इंग्रजीने तो उसना घेतला. त्याचे माहेर चेक भाषेत आहे.”

मग आजोबांनी तिला त्या भाषेची कथा सांगितली. चेक ही मध्य युरोपातील भाषा. तिच्यात ‘रोबोता’ म्हणजे वेठ. १९२० साली कारेल चापेक या लेखकाने आपल्या नाटकातील राबणाऱ्या कृत्रिम माणसांना, भाऊ योझेफ याच्या सूचनेवरून, ‘रोबोट’ हे नाव दिले. तो शब्द जगभर गेला. परंतु ही भाषाच एके काळी लोपते की काय, अशी स्थिती होती. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत चेक सरदारांचा पराभव झाला. पुढे कचेऱ्यांत व विद्यालयांत जर्मन भाषेचे वर्चस्व वाढले. चेक टिकली ती मुख्यतः शेतकरी व कारागीर यांच्या मुखी. योझेफ युंगमान नावाच्या एका शिक्षकाने शब्द वेचून वेचून १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला. आपल्या मराठीचा मोल्सवर्थकृत कोशही त्याच सुमारास, १८३१ साली, निघाला होता.

“आता ती भाषा किती जण बोलतात?” नातीने विचारले.

“सुमारे एक कोटी. पण ऐक. एकोणिसाव्या शतकात काही चेक कुटुंबे रुमानियाच्या डोंगरांत जाऊन वसली. त्यांच्या गावांत ती अजून ऐकू येते. काही कुटुंबे अमेरिकेत टेक्सासला गेली. तेथे मुले हळूहळू घरीही इंग्रजी बोलू लागली. आता चेक उरली आहे ती बहुतांशी वृद्धांपाशी. भाषा कोशात जपली जाते, बाळ. पण जगते ती घरात.”

नात क्षणभर गप्प राहिली. रोबोटांचे पुस्तक तिने घेतलेच. मात्र त्याच्या जोडीला मराठी गोष्टींचेही एक घेतले. घरी आल्यावर त्याच्या पहिल्या पानावर तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘दादा, उत्तर मराठीतच पाठव.’